मित्राच्या डोक्यावरचा तीळ

त्या गावात आजारी असे कुणी नव्हतेच. आजारी होते ते सगळे मित्र.

खोटे वाटत असेल तर तिथल्या वाचनालयात जाऊन विचारावे. नकाशांच्या कपाटामागे ग्रंथपालबाईंचे एक लहानसे टेबल होते. पुढ्यात एकच खुर्ची, तीही भिंतीकडे तोंड करून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला बसणाऱ्याची नुसती पाठ दिसावी. त्या खुर्चीत बसून लोक खालच्या आवाजात आपापल्या मित्रांची दुखणी सांगत. व्यायामशाळेचा पहिलवान आला तो म्हणाला, "माझ्या एका मित्राला मूळव्याध आहे." मित्र दिसतो कसा, हे कुणी विचारले नव्हते. पण घाबरून त्याने तेही सांगून टाकले: "माझ्याच उंचीचा आहे. मिशाही अशाच." बेकरीवालीची मैत्रीण चाळिशीनंतर अंगातून वाफा निघतात म्हणून हैराण होती, आणि बेकरीवाली ते सांगताना पदराने स्वतःलाच वारा घालत होती. एका नवरदेवाचा मित्र तर इतका नाजूक प्रश्न घेऊन आला की नवरदेवाने तो कागदावर लिहिला, बाईंना दाखवला आणि लगेच कागद गिळून टाकला. मग कागद गिळल्याने काही होते का, याचेही पुस्तक त्याला काढून द्यावे लागले.

बाई कधी हसल्या नाहीत. "कुणासाठी?" हा प्रश्न त्यांनी जन्मात विचारला नाही. "तुमच्या मित्राला कधीपासून होतंय? काही बदल झालाय का? डॉक्टरांनी काही सांगितलंय का, ते कळलं नाही असं काही?" एवढे विचारायच्या, नेमके पुस्तक काढायच्या, ते जुने तर झाले नाही ना हे आधी बघायच्या, पानात खुणेची पट्टी घालायच्या आणि वर खाकी कव्हर चढवून हातात द्यायच्या. रोगाचे नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "मी डॉक्टर नाही. मी रस्त्यावरची पाटी आहे. पाटी गावाला जात नाही, गाव कुठं ते दाखवते."

अशा त्या वाचनालयाच्या पायरीवर एका दुपारी कात्री उभा होता आणि भर सावलीत त्याला घाम फुटला होता.

कात्री म्हणजे चौकातला केस कापणारा. खरे नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावे लागे. हातातली कात्री चाले त्याच्या दुप्पट वेगाने त्याची जीभ चाले, म्हणून हे नाव. एकदा म्हणे त्याने गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायला घेतली ती इतकी लांबली की संपेपर्यंत कापलेले केस पुन्हा वाढले आणि दुसऱ्यांदा कापावे लागले. पण एवढ्या बडबडीत एक गोष्ट मात्र लोखंडासारखी पक्की. गिऱ्हाइकाने त्याच्या खुर्चीत जे सांगितले ते दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेले नाही. तरुणपणी एकाच्या कलपाची बातमी त्याच्या तोंडून निसटली होती, तर ठरलेले लग्न मोडले आणि दोन घराणी रस्त्यात हातघाईवर आली. तेव्हापासून तो गप्पा मारी त्या सगळ्या मनाच्या. खरे ते पोटात.

आणि आता पोटात जे होते ते तिथे मावत नव्हते.

घड्याळजी हा त्याचा जिवलग. दोघांची दुकाने समोरासमोर, भांडणे रोजची, आणि घड्याळजीच्या डोक्याला कात्रीशिवाय दुसऱ्या कुणाचा हात माहीत नाही. त्याच्या मानेच्या वर, दाट केसांत, एक तीळ होता. कात्रीने तो इतकी वर्षे पाहिला होता की कंगवा आपोआप त्याला वळसा घालून जाई. मसुरीएवढा, गोल, गरीब. पण अलीकडे तो गरीब राहिला नव्हता. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, एका अंगाला काळा, दुसऱ्या अंगाला निळसर, आणि परवा कंगव्याचा नुसता दात लागला तर रक्त आले.

"काय रे, थांबलास का? गोष्ट आठवेना?" घड्याळजीने चादरीखालून विचारले होते.

"तुझा तीळ वाढलाय."

"वाढू दे. या घरात तेवढंच एक वाढतंय."

"मस्करी नाही लेका. रक्त आलंय. डॉक्टरला दाखव."

तसा चादरीतून एक हात बाहेर आला आणि कात्रीचे मनगट धरून बसला. "ऐक. मी जन्मभर घड्याळं उघडली. चालतं घड्याळ कधी उघडू नये. उघडलं की परत बंद करताना एखादा स्क्रू उरतोच. माझ्या थोरल्या भावाला असंच उघडलं. अंगठ्याच्या दुखण्यासाठी आत गेला, परत आला तो चौघांच्या खांद्यावर. माझी टिकटिक चालू आहे ना? मग झाकण लागलेलं राहू दे."

"निदान वहिनींच्या कानावर..."

"हिच्या? ती मला त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसवेल! हिला यातला शब्द कळला तर तुझी माझी ओळख संपली. घे शपथ. या मानेवर इतकी वर्षं वस्तरा ठेवतोस ना, तिचीच घे."

वहिनी म्हणजे वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. घड्याळजीची बायको.

कात्रीने शपथ घेतली. मग त्याची झोप उडाली. गिऱ्हाइकाची मान दिसली की त्याला तीळ दिसे. एकाच्या मानेवर बसलेली माशी तो अर्धा मिनिट निरखत राहिला. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. शपथ घड्याळजीबद्दल वहिनींना काही न सांगण्याची होती. 'एका मित्राबद्दल' विचारायचे नाही, अशी शपथ कुठे होती? बाई हुशार. दोन खुणा दिल्या की ओळखतील. त्या वाचनालयाच्या इतिहासात खरोखरीच्या मित्रासाठी आलेला तो पहिलाच माणूस असावा.

तो आत गेला, कपाटामागच्या खुर्चीत बसला आणि भिंतीला म्हणाला, "माझ्या एका मित्राच्या डोक्यावर तीळ आहे."

"बसा भाऊजी," बाई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. कात्रीला तो मऊपणा आवडला नाही. "सावकाश सांगा. कधीपासून आहे तुमच्या मित्राला?"

"तीळ जुना आहे. बदल आत्ताचा. आणि वहिनी, खरंच मित्र आहे हो!"

"मित्र खरेच असतात सगळ्यांचे." बाई उठल्या आणि पुस्तक शोधण्याच्या निमित्ताने त्याच्या मागून दोनदा गेल्या. त्याच्या टोपीच्या खाली काही दिसते का, ते बघत होत्या. "कडा कशा आहेत? रंग एकच आहे का? खाज, रक्त?"

त्याने सगळे सांगितले. सांगताना बाईंची पट्टी पुस्तकात घालायची राहिली, ती त्यांच्या बोटांतच वळत राहिली. त्यांनी पान उघडून त्याच्यापुढे सरकवले. पानावर तिळांची छायाचित्रे होती. वरचे सगळे गोल, शहाणे. खालच्या ओळीत दुसऱ्या चित्रावर कात्रीचे बोट जाऊन थांबले. तोच. जणू फोटोवाला त्याच्याच खुर्चीमागे उभा राहून गेला होता.

"हे निदान नाही," बाई म्हणाल्या. "चित्रावरून कुणीच काही ठरवू नये. पण इथं काय लिहिलंय ते वाचा. असा बदल दिसला तर लगेच दाखवायचं. बहुतेक वेळा साधंच निघतं. साधं नसेल तर लवकर आलेल्याचं बरं होतं. उशीर तेवढा करायचा नाही."

"तो ऐकत नाही. हट्टी आहे. त्याच्या बायकोला सांगितलं तर?"

"ते मित्रानं स्वतः सांगावं, भाऊजी. मी कुणाच्या बायकोला काही सांगत नसते. तुम्ही निश्चिंत असा."

"तसं नव्हे हो! बायको फार वाचणारी आहे त्याची..."

"आहे ना," बाई म्हणाल्या. कात्रीची बायको दर आठवड्याला दोन जाड कादंबऱ्या नेत असे.

कात्रीने दुसरी खूण काढली. "पुढून टक्कल आहे त्याला, मागून मात्र दाट."

बाईंनी त्याच्या टोपीबाहेर दिसणाऱ्या टकलाकडे अगदी मायेने पाहिले.

"चौकात दुकान आहे!"

"आहेच की."

"बारीक काम करतो, हत्यारं वापरतो, तोंडानं फटकळ..." बोलता बोलता तो थांबला. तो घड्याळजीचे वर्णन करायला बसला होता आणि भिंतीवर चित्र उमटत होते त्याचे स्वतःचे. दोन म्हातारे इतकी वर्षे समोरासमोर बसले की एकाच साच्यातले होतात, हे त्याला त्या दिवशी कळले.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "त्वचेच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. मित्राला सांगा, उद्याच जा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्या डोक्यावर तो तीळ होता ते रोज त्यांच्या शेजारच्या उशीवर घोरत होते, आणि बाई कात्रीच्या टोपीखाली शोधत होत्या. पण त्यांचा तरी काय दोष? इतकी वर्षे प्रत्येक मित्र खुर्चीतच बसलेला निघाला होता. हा एकच बाहेर होता, आणि नेमका त्यांच्याच घरी होता.

कात्री खाकी कव्हरातले पुस्तक काखेत मारून परतला. पुढचे काही दिवस त्याची कात्री चालली आणि जीभ बंद पडली. गिऱ्हाइके घाबरली. एकाने तर अर्धे डोके झाले असतानाच विचारले, "माझं काही वाईट दिसतंय का?" तिकडे बाई वाचनालयाची वाट सोडून मुद्दाम चौकातून जायला लागल्या. दुकान उघडे दिसले की त्यांचा चेहरा उतरे. म्हणजे आजही गेले नाहीत. आणि कात्रीला समोर घड्याळजी दिसे, डोळ्याला भिंग लावून कुणाचे तरी घड्याळ बघत बसलेला. दुसऱ्याच्या घड्याळातला धुळीचा कण दिसायचा त्याला. मोकळा हात मात्र सारखा मानेकडे जात होता, आणि गेला की तो स्वतःच त्याला ओढून परत आणी.

एका सकाळी घड्याळजी रस्ता ओलांडून आला. दार आतून लावून घेतले.

"तू वाचनालयात गेलास!"

"नाव नाही घेतलं तुझं."

"माहीत आहे! नाव घेतलं असतंस तर मी वाचलो असतो का? अरे, काल रात्री जेवताना ही मला म्हणाली, 'अहो, तुमच्या मित्राला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. का ते विचारू नका. मी कधी असं सांगत नाही, पण राहवत नाही. एकटा माणूस जायला घाबरतो.' नंबरसुद्धा लावून आली, तुझ्या नावानं!" आणि तो हसायला लागला. हसता हसता खुर्चीत बसला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! रात्रभर तळमळत होती रे तुझ्यासाठी. मी शेजारी पडून ऐकत होतो."

"आणि तुला हसू येतंय?"

घड्याळजीचे हसणे थांबले. हात मानेकडे गेला. या वेळी त्याने तो परत आणला नाही. "तेव्हा नाही आलं," तो म्हणाला. मग एकदम उठला. "ते जाऊ दे. दुपारी चल. तू दाखव तुझं डोकं, मी सोबतीला येतो. नाही आलो तर ही माझं डोकं खाईल."

"आणि तुझं?"

"माझं झाकण लागलेलं आहे."

दुपारी दोघे दवाखान्यात बसले तेव्हा कुणी बघते तर सांगू शकले नसते की यातला रोगी कोण. दोघेही सारखेच पांढरे पडले होते. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाला नावे ठेवत होता. कात्रीचा जीव टांगणीला लागला होता. हा डॉक्टरच्या दारापर्यंत आला आहे. यापुढे तो कधीच इतक्या जवळ येणार नाही. पण आत जाऊन बोलायचे कसे? शपथेमुळे बोलायचे नाही आणि न बोलता करायचे काय? इकडे आड तिकडे विहीर. तेवढ्यात बाईही आल्या, वाचनालय शिपायावर सोडून. "मी आत नाही येत," त्या कात्रीला म्हणाल्या. "ते तुमचं खासगी. मी इथं बाहेर आहे एवढंच." आणि बाकावर बसून त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

नाव पुकारले. दोघे आत गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कात्रीची टोपी काढली, दिव्याखाली बसवून डोके, कान, मान, सगळे भिंगातून पाहिले. "काहीच नाही इथं," त्या म्हणाल्या. "लहान मुलासारखं डोकं आहे तुमचं. कशासाठी आला होतात?"

"बघ! सुटला बिचारा!" घड्याळजी उठलासुद्धा. "उगाच घाबरतो हो हा. येतो आम्ही." आणि त्याने दाराच्या कडीला हात घातला.

दार उघडले की संपले. कात्रीला शब्द सुचला नाही. सुचले ते हातांना. तो दोन ढांगांत घड्याळजीच्या मागे गेला, एका हाताने खांदा धरून त्याला जवळच्या स्टुलावर बसवले आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे त्याच्या टाळूवर टेकवली, नुसती टेकवली. आणि घड्याळजीची मान खाली गेली. इतक्या वर्षांची सवय. ती बोटे टाळूला लागली की ती मान मालकाला विचारत नसे. घड्याळजी म्हणत होता, "सोड! सोड रे!" आणि डोके मात्र शहाण्या मुलासारखे वाकवून बसला होता. कात्रीने खिशातला कंगवा काढला, मागचे केस वर घेतले आणि धरून ठेवले.

"डॉक्टर," तो म्हणाला, "इथं."

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावले. मग दिवा जवळ ओढला. मग पुन्हा भिंग. घड्याळजीची "सोड" बंद झाली. वाकल्या मानेने त्याला फक्त डॉक्टरीणबाईंच्या चपला दिसत होत्या आणि त्या हलत नव्हत्या.

"हा काढायला हवा," त्या म्हणाल्या. "पूर्ण. काढून तपासायला पाठवू. तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पण आजच काढू. पुन्हा येतो म्हणू नका."

घड्याळजी काहीतरी चमत्कारिक बोलणार असे कात्रीला वाटले. स्क्रूबद्दल, झाकणाबद्दल. पण तो फक्त म्हणाला, "हिला बोलव."

कात्रीने दार उघडले. बाई ताडकन उठल्या. "काय म्हणाल्या, भाऊजी? सांगू नका, नको असेल तर. पण चेहरा असा का?"

"वहिनी, आत या."

"मी? मी कशाला? तुमच्या..."

"या तुम्ही."

त्या दारात आल्या. दिव्याखाली कुणाची मान वाकली आहे ते त्यांनी पाहिले. मग कात्रीकडे पाहिले. मग पुन्हा मानेकडे. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि पडलेली पिशवी ओलांडून आत आल्या.

परिचारिकेने जागा साफ करण्यासाठी पाते काढले. कात्रीने न विचारता ते तिच्या हातातून घेतले आणि तिळाभोवतीचे केस काढायला लागला. आयुष्यात कुणाला साधा ओरखडा न काढलेला हात. त्या दिवशी तो दोनदा थांबला आणि विजारीला पुसावा लागला. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत तयारी करायला गेल्या. घड्याळजीच्या अंगावर हिरवी चादर आली, फक्त मान आणि एक कान बाहेर.

बाई कात्रीच्या जवळ आल्या. खालच्या आवाजात, नकाशांच्या कपाटामागच्या आवाजात, त्यांनी विचारले, "कधीपासून बघताय तुम्ही बदल?"

त्याने सांगितले.

"कडा आधीपासून अशाच?"

"नाही. आत्ता झाल्या."

"रंग?"

"एकच होता. मग हा निळा आला."

प्रत्येक उत्तराला त्या मान हलवत होत्या. पुस्तकात त्यापुढे काय लिहिले आहे, हे त्यांना पाठ होते. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा आणखी ताठ होत होता. "मला वाटलं, तुमचंच आहे," त्या मध्येच म्हणाल्या. "तुम्ही खरंच सांगत होता. मी ऐकलंच नाही." मग थांबून, "रक्त तुमच्या कंगव्यामुळं आलं असेल ना? जोरात लागला असेल?"

कात्रीने तोंड उघडले. केस पुन्हा वाढेपर्यंत लांबणाऱ्या गोष्टी ज्या पोटातून निघत, तिथे त्याने एक छोटीशी गोष्ट शोधली. जोराने लागला, माझीच चूक, एवढीच. ती सापडली नाही.

"हळूच लागला होता, वहिनी," तो म्हणाला.

चादरीखालून आवाज आला. "अगं, काय कुजबुजताय? काय लिहिलंय त्या पुस्तकात?"

"लवकर आलेला बरा, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग आलो ना मी? लवकर आलो ना?"

बाईंनी कात्रीकडे पाहिले. कात्री पात्यावरचे केस पुसत राहिला.

"आलात," त्या म्हणाल्या. हात धरावा म्हटले तर तो चादरीखाली होता, म्हणून त्यांनी बाहेर राहिलेला तेवढा कान दोन बोटांत धरला. डॉक्टरीणबाई आत आल्या, दिवा लागला, तरी तो त्यांनी सोडला नाही.